साक्षी, पक्ष आणि मौन : योरिस ईव्हेन्सच्या अनुबोधपटांच्या निमित्ताने

१

'साक्षी' या शब्दाला आपल्या परंपरेत दोन भिन्न अर्थवलये आहेत. सांख्य आणि वेदान्त या दर्शनांत साक्षी म्हणजे केवळ पाहणारा, मध्यस्थ, अकर्ता. जे घडते ते प्रकृतीच्या क्षेत्रात घडते. पुरुष ते पाहतो, परंतु त्याने लिप्त होत नाही. धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात मात्र साक्षी म्हणजे सभेत उभा राहून बोलणारा, ज्याच्या बोलण्याने कोणाचा तरी जय आणि कोणाचा तरी पराजय होणार आहे असा माणूस. पहिल्या साक्षीला कोणी प्रश्न विचारीत नाही. दुसऱ्याचे साक्षीपण मुळी प्रश्न विचारले जाण्यावरच अवलंबून असते. एक गोष्ट मात्र दोन्हींकडे समान आहे. साक्षी हा वादातील पक्षकार नसावा, अशी अपेक्षा उभयत्र गृहीत धरलेली आहे. सांख्यांचा साक्षी स्वभावतःच उदासीन असतो, आणि वादविषयात ज्याचा हितसंबंध आहे अशा माणसाला धर्मशास्त्रकार साक्षीसाठी अपात्र ठरवितात.

युद्धभूमीवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या अनुबोधपटकाराकडे आपण नकळत या दोन्ही अपेक्षा घेऊनच पाहतो. त्याने अलिप्त असावे, आणि त्याच वेळी त्याने दाखविलेले आपल्याला पुरावा म्हणून वापरता यावे. परंतु असा माणूस युद्धाच्या प्रदेशात जातो तो बहुधा कोणत्या तरी बाजूच्या परवानगीने, तिच्या वाहनातून, तिच्या संरक्षणाखाली आणि पुष्कळदा तिच्यावरील विश्वासापोटी. दोन खंदकांच्या मधोमध उभे राहण्याची जागा कॅमेऱ्याला उपलब्धच नसते. मग पक्ष घेतलेला माणूस साक्षी होऊ शकतो काय? होऊ शकत असेल, तर पक्ष घेतल्यामुळे त्याच्यावर कोणते वेगळे दायित्व येते?

मराठी समीक्षेला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. कलावाद आणि जीवनवाद यांच्या झगड्यापासून दलित साहित्याच्या निमित्ताने झालेल्या बांधिलकीच्या चर्चेपर्यंत त्याची निरनिराळी रूपे आपण पाहिली आहेत. तथापि या चर्चेत बांधिलकीचा विचार मुख्यतः लेखकाच्या मनोवृत्तीच्या अंगाने झाला. ती अस्सल आहे की उसनी, कलाकृतीत मुरलेली आहे की वरून चिकटविलेली, असे प्रश्न आपण विचारीत आलो. अनुबोधपटाच्या बाबतीत हे प्रतिमान अपुरे पडते. येथे कर्ता आणि प्रेक्षक यांच्याखेरीज तिसराही एक संबंधित असतो, तो म्हणजे ज्याचे चित्रण झाले तो खराखुरा माणूस; आणि चौथाही असतो, ज्याचे चित्रण झाले नाही तो. या चौथ्याचा विचार केल्यावाचून बांधिलकीच्या नैतिकतेचा विचार पूर्ण होत नाही, असे मला वाटते. डच अनुबोधपटकार योरिस ईव्हेन्स (१८९८-१९८९) याची साठ वर्षांची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. विसाव्या शतकातील इतक्या युद्धांना आणि क्रांत्यांना कॅमेरा घेऊन सामोरा गेलेला, आणि प्रत्येक वेळी आपला पक्ष उघडपणे सांगणारा दुसरा अनुबोधपटकार क्वचितच सापडेल.

२

नायमेखेन या गावी छायाचित्रणाच्या व्यवसायात असलेल्या घराण्यात ईव्हेन्स जन्मला. त्याचे आरंभीचे 'पूल' (१९२८) आणि 'पाऊस' (१९२९) हे चित्रपट गती, रेषा आणि पृष्ठभाग यांच्या आनंदात रमलेले आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रस्त्यांवर, छत्र्यांवर आणि कालव्यांवर पडणारा पाऊस एवढाच त्यांपैकी दुसऱ्याचा विषय. हा सौंदर्यवादी तरुण आंरी स्टॉर्क या बेल्जियन सहकाऱ्याबरोबर बोरिनाजच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात गेला, तेव्हा १९३२च्या संपानंतरचे दैन्य तेथे पसरलेले होते. या चित्रपटाच्या वेळी त्याने स्वतःला घालून घेतलेला एक दंडक त्याच्या आत्मकथनातून कळतो. एखाद्या झोपडीच्या भिंतीवरील उजेड किंवा सावली त्या दैन्याला रम्य करू लागली, तर ती चौकट टाळावयाची. 'पाऊस' करणाऱ्या माणसाने हे व्रत घ्यावे याला अर्थ आहे. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या डोळ्यांना सुख मिळू नये, ही तिसऱ्या संबंधिताविषयीची, म्हणजे चित्रित माणसाविषयीची, जबाबदारी त्याने येथे ओळखली.

याच चित्रपटात संपाच्या काळातील मोर्चा पुन्हा उभा करण्यासाठी खाणकामगारांनी कार्ल मार्क्सचे चित्र हाती घेऊन मिरवणूक काढली. कॅमेऱ्यासाठी निघालेल्या त्या मिरवणुकीत वस्तीतील माणसे सामील होत गेली आणि तिचे खऱ्या निदर्शनात रूपांतर झाले. अनुबोधपटातील असत्य शोधताना आपले लक्ष प्रथम अशा पुनर्रचनांकडे जाते. जे घडले ते पुन्हा घडविले, म्हणजे ते खोटे, असा आपला सरळ हिशेब असतो. परंतु खाणकामगार खाणकामगारच होते, त्यांचा रोष त्यांचाच होता, आणि कॅमेऱ्याने त्यांना न मानवणारी कोणतीही गोष्ट त्यांच्याकडून करवून घेतली नव्हती. पुनर्रचना हे साक्षीचे व्याकरण असू शकते. असत्य अन्यत्र शोधावे लागते.

३

'द स्पॅनिश अर्थ' (१९३७) हा ईव्हेन्सचा सर्वांत प्रसिद्ध युद्धपट. जॉन फर्नोचे छायाचित्रण, हेलन व्हान डोंगनचे संकलन, हेमिंग्वेचे निवेदन. ऑर्सन वेल्सच्या आवाजात आधी ध्वनिमुद्रित झालेले निवेदन बाजूला ठेवून पुढे हेमिंग्वेचाच काहीसा रुक्ष आवाज वापरण्यात आला. चित्रपटाची बांधणी विलक्षण साधी आहे. माद्रिद-व्हॅलेन्सिया मार्गावरील फुएन्तिदुएन्या या गावचे शेतकरी कोरड्या जमिनीला पाणी आणण्यासाठी पाट बांधीत आहेत. आणि तिकडे माद्रिदच्या वेशीवर फ्रँकोच्या सैन्याला थोपविण्यासाठी लढाई चालू आहे. पाणी आणि बंदूक, पीक आणि आघाडी यांचा हा समांतर प्रवाह म्हणजे ईव्हेन्सचा राजकीय युक्तिवादच होय. जमीन कसणाऱ्याची व्हावी यासाठी हे युद्ध आहे, असे तो एकही सिद्धान्तवाक्य न उच्चारता सांगतो.

दोन्ही प्रवाहांना जोडणारा दुवा म्हणजे हुलियान हा तरुण सैनिक. तो आघाडीवरून गावी येतो, आईला भेटतो. हा प्रसंग दिग्दर्शित आहे. तसेच बॉम्बवर्षावाचा आवाज एका हॉलिवूडपटातील भूकंपाचा ध्वनी उलटा फिरवून सिद्ध केलेला आहे. यांपैकी कशानेही चित्रपटाच्या सत्यतेला बाध येत नाही. ते बॉम्ब खरोखरच पडत होते. मूळ योजना हुलियानच्या आयुष्याभोवती कथानक गुंफण्याची होती. परंतु पुढे तो सापडला नाही आणि योजना सोडून द्यावी लागली. युद्धाने माणूस गिळल्यामुळे कथानकच भंगावे, यापेक्षा मोठी साक्ष कोणती असणार?

अडचण वेगळीच आहे. १९३७च्या वसंतात प्रजासत्ताकाच्या पक्षातच भीषण फूट पडली होती. मे महिन्यात बार्सिलोनाच्या रस्त्यांवर फॅसिस्टविरोधी गटच एकमेकांशी लढले आणि जूनमध्ये आंद्रेउ निन या डाव्या नेत्याला त्याच्याच बाजूच्या म्हणविणाऱ्यांनी नाहीसे केले. त्याआधी डॉस पॅसॉसचा मित्र आणि अनुवादक होसे रोब्लेस याला प्रजासत्ताकाच्या बाजूकडूनच अटक होऊन त्याचा अंत झाला होता. या चित्रपटामागे उभ्या राहिलेल्या अमेरिकन लेखकांत डॉस पॅसॉस स्वतः होता, आणि हेमिंग्वेशी त्याची मैत्री तुटली ती या प्रकरणावरून. तेव्हा ही बाब चित्रपटाच्या परिवारापासून दूरची नव्हती. चित्रपटात मात्र प्रजासत्ताकाचा पक्ष एकसंध आहे. त्यात एकही तडा नाही.

या मौनाचे समर्थन होऊ शकते, आणि ते हलके नाही. जर्मनी आणि इटली फ्रँकोला विमाने आणि सैनिक पुरवीत असताना लोकशाही राष्ट्रे तटस्थतेच्या करारामागे दडली होती. चित्रपट जुलै १९३७ मध्ये व्हाइट हाउसमध्ये रूझवेल्टला दाखविण्यात आला; त्याच्या खेळांतून स्पेनसाठी रुग्णवाहिकांचा पैसा उभा राहिला. अशा वेळी आपल्या बाजूची भांडणे पडद्यावर मांडणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देणे नव्हे काय? जखमी माणूस रस्त्यावर पडलेला असताना त्याच्या स्वभावदोषांची चर्चा कोणी करीत नाही. या युक्तिवादात करुणा आहे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. सत्य हे आपल्या पक्षाची मालमत्ता असून ते केव्हा खर्च करावयाचे हे पक्षाने ठरवावे, असे ते गृहीतक होय. आणि एकदा ते मान्य केले की योग्य वेळ कधीच येत नाही, कारण शत्रू कायम दाराशी असतोच.

४

स्पेननंतर ईव्हेन्स १९३८ मध्ये चीनला गेला. जपानी आक्रमणाविरुद्धच्या लढ्यावरील 'द फोर हंड्रेड मिलियन' (१९३९) या चित्रपटासाठी रॉबर्ट कापा त्याच्यासमवेत होता. चँग कै-शेकच्या अधिकाऱ्यांची नजर सतत त्यांच्यावर होती, आणि येनानला कम्युनिस्ट फौजांकडे जाण्याची ईव्हेन्सची इच्छा पुरी होऊ शकली नाही. स्वतः जाता आले नाही तेव्हा त्याने आपला लहान कॅमेरा गुपचूप चिनी चित्रपटकर्मींच्या हाती दिला. तो वू यिनशियान या छायाचित्रकाराबरोबर येनानला पोहोचला आणि तेथील अनुबोधपटांच्या आरंभाला कारण झाला. पुढे जुनाट मंदिरात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. नॉर्मन बेथ्यूनचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले ते याच वू यिनशियानने.

याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले, बेथ्यूनच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे ही कथा आपल्याकडे घरोघरी पोहोचली. एकाच युद्धात, एकाच बाजूला, एका डॉक्टरने आणि एका अनुबोधपटकाराने आपापले साधन नेले. या दोघांच्या कर्मांची तुलना आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकणारी आहे.

कोटणीसांनीही पक्ष घेतला होता. परंतु त्यांचे कर्म त्या पक्षाच्या सत्यासत्यतेवर अवलंबून नव्हते. टाका नीट पडला, रक्त थांबले, की ते कर्म आपल्या ठिकाणी पूर्ण झाले. त्यासाठी दूरच्या कोणाचा विश्वास लागत नाही. अनुबोधपटकाराचे कर्म मात्र चित्रीकरणाने पूर्ण होत नाही. ते पूर्ण होते प्रेक्षकाच्या विश्वासात. 'हे असे आहे' असे तो म्हणतो आणि आपण ते मानतो, तेव्हाच त्याने काही केले असे होते. म्हणून डॉक्टर आपल्या पक्षाविषयी मौन बाळगूनही आपले काम निष्कलंक ठेवू शकतो. अनुबोधपटकाराला ती मुभा नाही. त्याचे मौन हे त्याच्या बोलण्याचाच भाग असते, कारण चौकटीबाहेर ठेवलेली गोष्ट नाहीच असे समजून प्रेक्षक चौकटीवर विश्वास टाकतो. 'आम्हीही सैनिकच, फक्त आमचे शस्त्र कॅमेरा' हे वाक्य अशा कलावंतांच्या तोंडी नेहमी येते. ते शूर असेल, पण अपुरे आहे. बंदुकीला कोणी खरेखोटे विचारीत नाही.

५

ईव्हेन्सला हे कधी उमगलेच नाही असे नव्हे. १९४४ मध्ये डच ईस्ट इंडीजच्या सरकारने त्याला चित्रपट आयुक्त म्हणून नेमले. जपानच्या तावडीतून मुक्त होणाऱ्या इंडोनेशियाचे चित्रण त्याने करावे अशी योजना होती. ऑगस्ट १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डच सरकार ते मानावयास तयार नाही हे दिसताच त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने ऑस्ट्रेलियात राजीनामा दिला आणि आपल्याच देशाविरुद्ध 'इंडोनेशिया कॉलिंग' (१९४६) हा जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा चित्रपट केला. सिडनी बंदरातील ऑस्ट्रेलियन गोदी कामगार आणि इंडोनेशियन, चिनी व भारतीय खलाशी डच जहाजांवर बहिष्कार टाकतात, हा त्याचा विषय. बंदराबाहेर निघालेल्या एका जहाजाचा लहान बोटीतून पाठलाग होतो, कर्ण्यावरून भारतीय खलाशांना हाक घातली जाते, आणि ते काम थांबवितात. हा प्रसंगही आधी घडून गेलेला आणि मग कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभा केलेला आहे. परंतु त्यामुळे तो खोटा ठरत नाही.

या चित्रपटाची किंमत त्याने भरली. पुढे कित्येक वर्षे डच अधिकाऱ्यांनी त्याच्या पारपत्राबाबत त्याची अडवणूक केली. १९८५ मध्ये एका डच मंत्र्याने पॅरिसला जाऊन त्याला पुरस्कार दिला आणि त्या वादात इतिहास त्याच्या बाजूने उभा राहिल्याचे मान्य केले. आपल्या जन्मजात पक्षाविरुद्ध, म्हणजे राष्ट्राविरुद्ध, त्याने दिलेली साक्ष निर्भय होती आणि खरीही.

तथापि मनुष्याला एक जन्माने मिळालेला पक्ष असतो आणि एक त्याने स्वतः निवडलेला. पहिल्याविरुद्ध बोलण्यात धोका असतो, परंतु आत्मनाश नसतो. उलट त्यातून माणूस स्वतःला नव्याने घडवितो. निवडलेल्या पक्षाविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्या निवडीविरुद्ध, आपण ज्यासाठी जन्मजात पक्ष सोडला त्याविरुद्ध बोलणे होय. ईव्हेन्सच्या कारकीर्दीतील नैतिक पेच येथे आहे. डच असून डच सत्तेविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस निवडलेल्या पक्षासमोर वारंवार नि:शब्द झाला.

६

व्हिएतनाममध्ये हा पेच अजून झाकलेला राहतो. १९६७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ईव्हेन्स मार्सेलीन लोरिदाँबरोबर विन्ह लिन्हच्या प्रदेशात जाऊन राहिला. लोरिदाँ किशोरवयात आउश्विट्झ-बिर्केनाऊच्या छळछावणीतून वाचून आलेली होती. बॉम्बवर्षावामुळे भूमिगत झालेल्या गावात राहून त्यांनी 'सतरावे अक्षांश' (१९६८) हा चित्रपट केला. थेट ध्वनिमुद्रणामुळे येथे गावकऱ्यांचे स्वतःचे आवाज ऐकू येतात; स्पेनमध्ये हेमिंग्वे त्यांच्या वतीने बोलत होता. साक्षीची सूत्रे चित्रित माणसाकडे देण्याच्या दिशेने टाकलेले हे मोठे पाऊल होते.

परंतु माणसाला बोलू देणे आणि त्याला मोकळेपणी बोलता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. 'यूकुंगने पर्वत कसे हलविले' (१९७६) ही चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या उत्तरकाळात चित्रित झालेली सुमारे बारा तासांची चित्रपटमालिका या भेदावरच अडखळते. तीत कारखाना आहे, औषधाचे दुकान आहे, कोळ्यांचे गाव आहे. सामान्य चिनी माणसे इतक्या सहजतेने बोलताना पाश्चात्त्य प्रेक्षकाने पूर्वी पाहिली नव्हती. त्यातील एक छोटा चित्रपट बीजिंगच्या एका शाळेतला आहे. घंटा झाल्यावर एका विद्यार्थ्याने लाथाडलेला चेंडू शिक्षिकेला लागता लागता राहतो. ती चेंडू काढून घेते. आणि मग चूक कोणाची याविषयी वर्गात विद्यार्थी आणि शिक्षिका मोकळी चर्चा करतात, शेवटी समेट होतो. प्रसंग गोड आहे, आणि त्या वर्गापुरता खराही असेल. परंतु १९६६च्या ऑगस्टमध्ये याच शहरातील एका शाळेच्या उपमुख्याध्यापिका आपल्या विद्यार्थिनींच्या मारहाणीत मरण पावल्या होत्या, आणि तसे मरण आलेल्या त्या एकट्या नव्हत्या. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो चेंडू पुन्हा पूर्वीसारखा पाहता येत नाही. चौथा संबंधित तो हाच: ज्या वर्गात ही चर्चा चालली आहे, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचा माणूस.

मालिकेत चिंगहुआ विद्यापीठातील एक प्राध्यापक आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगांविषयी बोलतो, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र ते बोलणे स्वतःच्या सुधारणेची कहाणी म्हणून येते, आणि चित्रपट ते तसेच स्वीकारतो. ईव्हेन्सला कोणी फसविले, की त्याने स्वतःची फसवणूक होऊ दिली, हा चरित्रकाराचा प्रश्न आहे. समीक्षेचा प्रश्न वेगळा आहे: या संहितेत उलटतपासणीला जागा आहे काय? बोरिनाजमध्ये रम्य उजेडाचा मोह टाळणारा डोळा येथे हसऱ्या चेहऱ्यांचा मोह टाळीत नाही. दैन्याला रम्य करू नये हे व्रत त्याने पाळले. आशेलाही रम्य करू नये, हे व्रत त्याने घेतलेच नव्हते.

७

लोरिदाँसमवेत केलेला 'वाऱ्याची कथा' (१९८८) हा त्याचा अखेरचा चित्रपट. दम्याने ग्रासलेला नव्वदीचा म्हातारा चीनच्या वाळवंटात खुर्ची टाकून बसला आहे. त्याला वारा चित्रित करावयाचा आहे. हा म्हातारा म्हणजे स्वतः ईव्हेन्स. मातीच्या सैनिकांचे चित्रीकरण करण्यास संग्रहालयाचे अधिकारी पुरेसा वेळ देत नाहीत, आणि मग तो त्यांच्या प्रतिकृती आणून आपले सैन्य स्वतःच उभे करतो. परवानगी, वाटाघाट आणि बनावट या साऱ्या गोष्टी प्रथमच चौकटीत येतात. साठ वर्षे कॅमेऱ्यामागे उभा असलेला साक्षी येथे पिंजऱ्यात येऊन उभा राहतो. बीजिंगच्या चौकात रणगाडे शिरले त्या ४ जून १९८९ नंतर चोवीस दिवसांनी तो पॅरिसमध्ये वारला.

या चित्रपटाला कबुलीजबाब म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो तसा नाही. त्यात कोणाचे नाव नाही, रिकाम्या खुर्चीचा उल्लेख नाही. परंतु साक्षीने प्रश्नांना सामोरे गेले पाहिजे, एवढे त्यात मान्य झाले आहे.

सभापर्वात द्रौपदीच्या प्रश्नावर सारी सभा मूक झाली असता विदुर प्रह्लादाची कथा सांगतो. तिचे तात्पर्य असे की, सभेत आलेला जो धर्मज्ञ विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याला असत्याच्या फळाचा अर्धा वाटा मिळतो. जो खोटे उत्तर देतो, त्याला पूर्ण. हा निवाडा मला आधुनिक अनुबोधपटाच्या नीतिशास्त्रापेक्षा अधिक सूक्ष्म वाटतो. तो मौनाला असत्य म्हणत नाही, आणि निर्दोषही म्हणत नाही. शिवाय विदुर स्वतः कुरुकुलातला, धृतराष्ट्राच्या अन्नावरचा आहे. आपल्या पक्षाच्या सभेत, आपल्याच माणसांना तो हे ऐकवितो. पक्ष असणे हा त्याच्या साक्षीतील दोष ठरत नाही. उलट पक्ष असल्यामुळेच त्याच्या बोलण्याला वजन येते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथून मिळते. पक्ष घेतल्याने साक्षी अपात्र होत नाही. फुएन्तिदुएन्याचे शेतकरी, सिडनीचे खलाशी, विन्ह लिन्हची भुयारातील मुले यांच्या बाजूला उभे राहिल्यावाचून ती दृश्ये मिळालीच नसती; तटस्थाला ती दिसलीही नसती. परंतु पक्ष घेणाऱ्यावर एक ऋण चढते. आपल्या बाजूने चौकटीबाहेर ढकललेल्या माणसाविषयी बोलण्याचे दायित्व शत्रूपेक्षा त्याच्यावर अधिक असते, कारण तेथवर पोहोचण्याची वाट त्यालाच मोकळी असते, आणि त्याच्याच शब्दावर आपण विश्वास ठेवलेला असतो. ईव्हेन्सने हे ऋण एकदा पुरते फेडले, अखेरीस थोडे मान्य केले, आणि मधल्या काळात ते थकीत ठेवले. त्याचे चित्रपट पाहताना त्याच्या धैर्याविषयीचा आदर कमी करण्याचे कारण नाही. मात्र चेंडूची ती गोष्ट पुन्हा लावली जाईल तेव्हा, पडद्यावर नसलेल्या त्या शिक्षिकेची आठवण ठेवण्याचे काम आता प्रेक्षकाकडे आले आहे.